जुना मिनी डिझेल ट्रॅक्टर स्वतः बांधायचा तर सुरुवात कुठून करायची

जुना मिनी ट्रॅक्टर दारात येऊन उभा राहिला की हात शिवशिवायला लागतात. इंजिन खोलू, रिंगा टाकू, रंग मारू, सगळं एकदम डोक्यात येतं. जरा दम धरा. नवशिक्याचा पैसा आणि वेळ सगळ्यात जास्त कशात जातो तर गरज नसताना खोललेल्या इंजिनात आणि न मोजता मागवलेल्या पार्टमध्ये. म्हणून हा लेख अर्धाअधिक तपासणीवरच आहे, पाना चालवायचं काम नंतर येतं.

मी बोलतोय ते साधारण १५ ते ३५ एचपीच्या, दोन-तीन सिलेंडरच्या, ग्लो प्लगवाल्या (थंड इंजिन चालू व्हायला सिलेंडर तापवणारे विजेचे प्लग) आणि मेकॅनिकल फ्युएल पंपवाल्या ट्रॅक्टरबद्दल. कुबोटा, यानमार, इसेकी, शिबाउरा, मित्सुबिशी अशा कंपन्यांची जुनी मॉडेलं यात येतात. यातले बरेचसे जपानच्या भातशेतीसाठी बनले आणि वापरून झाल्यावर जगभर सेकंडहँड विकले गेले. कॉमन रेल आणि सेन्सरवाली नवी इंजिनं हा वेगळाच विषय, त्यात इथे पडत नाही.

थंड इंजिन काय सांगतं

तपासणी नेहमी थंड इंजिनावर सुरू करायची. गरम इंजिन चटकन चालू होतं आणि कमी कंप्रेशन (सिलेंडरमध्ये दाबलेल्या हवेचा दाब) झाकून टाकतं, त्यामुळे आदल्या रात्रीपासून बंद असलेला ट्रॅक्टर बघायचा. सेल मारायच्या आधी तीन गोष्टी बघा. डिपस्टिक काढून ऑइल बघा, दुधाळ असेल तर पाणी मिसळलंय, आणि लेव्हल खुणेच्या वर असून डिझेलचा वास येत असेल तर डिझेल खाली उतरतंय (बऱ्याचदा फीड पंपाचा डायफ्रॅम फाटलेला असतो नाहीतर फ्युएल पंपाचं सील गेलेलं असतं). रेडिएटरचं झाकण उघडून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का ते बघा. मग गिअरबॉक्सची डिपस्टिक, कारण या छोट्या ट्रॅक्टरांत बहुतेक वेळा गिअरबॉक्स आणि हायड्रोलिकचं तेल एकच असतं आणि त्यात पाणी गेलं असेल तर पुढचं अर्धं दुखणं तिथेच कळतं.

आता ग्लो प्लग गरम करून चालू करा आणि धूर बघा. पांढरा धूर डोळ्यांना झोंबत असेल तर ते न जळलेलं डिझेल आहे, म्हणजे ग्लो प्लग, नोझल (सिलेंडरमध्ये डिझेलचा फवारा मारतं ते), टायमिंग किंवा कंप्रेशन यातलं काहीतरी. झोंबत नाही, गोडसर वास येतो आणि इंजिन गरम झालं तरी थांबत नाही असा पांढरा धूर म्हणजे कूलंट जळतंय. निळा म्हणजे ऑइल. काळा म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त, आणि यात पहिला संशय एअर फिल्टरवर घ्या, पंपावर नाही.

इंजिन चालू असताना ऑइल टाकायचं झाकण काढून हात जवळ धरून बघा. थोडी फुंकर येणारच, पण रेल्वे इंजिनासारखे धुराचे झटके येत असतील तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (सिलेंडरचं आतलं भोक) संपलंय. थंड असतानाच, चालू केल्या केल्या रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट गेलंय नाहीतर हेडला चीर आहे. एक सांगतो, निव्वळ धूर बघून निकाल देऊ नका. वर्षभर नुसता उभा असलेला किंवा कायम कमी रेसवर चाललेला ट्रॅक्टर पहिल्या तासात भरपूर धूर करतो, रिंगा कार्बनने चिकटलेल्या असतात, आणि चांगलं लोड देऊन काही तास चालवला की त्यातले बरेच ट्रॅक्टर सुधारतात. म्हणून आधी ऑइल आणि सगळे फिल्टर बदलून, काम करवून मग ठरवा.

चालवून पण बघा. सगळे गिअर, दोन्ही ब्रेक वेगवेगळे, पीटीओ (अवजाराला ताकद देणारा शाफ्ट) लावून आणि सोडून, लिफ्टवर वजन ठेवून वर-खाली. ताजा रंग मारलेला ट्रॅक्टर असेल तर मी जरा जास्तच वाकून बघतो, कारण रंगाखाली गळती महिनाभर सहज लपते.

नंबर, मॅन्युअल आणि वही

खोलायच्या आधी इंजिन नंबर, चेसिस नंबर आणि मॉडेल प्लेटचा फोटो काढून ठेवा. या ट्रॅक्टरांची गंमत अशी की एकाच मॉडेलमध्ये दोन वेगवेगळी इंजिनं येतात आणि एकच इंजिन वेल्डिंग मशीन, जनरेटर, छोटा एक्स्कॅव्हेटर असं सगळीकडे बसवलेलं असतं. म्हणजे पार्ट ट्रॅक्टरच्या नावाने मिळाला नाही तरी इंजिन मॉडेलच्या नावाने मिळून जातो. बेरिंग आणि ऑइल सील तर सरळ त्यांच्यावरच्या नंबरने किंवा आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजून घ्यायचे, त्यासाठी कंपनीचा डबाच लागतो असं काही नाही.

वर्कशॉप मॅन्युअल मिळवल्याशिवाय इंजिन खोलू नका. ओनर मॅन्युअल नाही, वर्कशॉप मॅन्युअल, ज्यात टॉर्क, क्लिअरन्स आणि झिजेची लिमिट दिलेली असते. या लेखात मी जे आकडे देतोय ते अंदाज यावा म्हणून, शेवटचा शब्द तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलचा.

एक वही पण ठेवा आणि प्रत्येक माप तिच्यात लिहा. फोटो तर काढालच, पण फोटोत शिमची (फटीत घालायच्या पातळ पत्र्याची) जाडी दिसत नाही.

डिझेल आणि हवा, हे सगळ्यात आधी

"इंजिन संपलंय" म्हणून विकलेले कितीतरी ट्रॅक्टर निव्वळ डिझेलच्या लाईनमुळे बंद असतात. टाकीपासून सुरू करा. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल तर ट्रॅक्टर वीस मिनिटं छान चालतो, मग हळूहळू दम सोडतो आणि झाकण उघडलं की परत चालतो. टाकीच्या तळातली जाळी, कॉकच्या खालचा काचेचा बाऊल, रबरी पाईप आतून सोललेत का, फिल्टर, हे ओळीने बघत या. रबरी पाईप तर न बघताच बदला, जुना पाईप हवा ओढतो पण डिझेल गळू देत नाही, त्यामुळे बाहेरून काहीच कळत नाही.

मग एअर काढायचं. टाकी भरलेली, कॉक उघडा. आधी फिल्टरवरचा एअर स्क्रू ढिला करा, बुडबुड्यांशिवाय डिझेल यायला लागलं की बंद करा. मग पंपाच्या इनलेटवरचा स्क्रू, तसंच. मग नोझलकडचे पाईपचे नट अर्धा-पाऊण आटा ढिले करून सेल मारा, तिथे डिझेल उसळून यायला लागलं की घट्ट करा. सेल एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा, नाहीतर स्टार्टर जळेल. आणि काही झालं तरी ग्लो प्लगवाल्या इंजिनात ईथरचा स्प्रे मारू नका. तापलेल्या प्लगवर तो वेळेच्या आधीच भडकतो आणि पिस्टन, रिंगा, कधी कधी कनेक्टिंग रॉडसुद्धा जातो.

ग्लो प्लग तपासणं सोपंय. वरची पट्टी काढून प्रत्येक प्लगचा रेझिस्टन्स बघा, चांगल्या प्लगचा साधारण एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी येतो. ओपन दाखवला तर प्लग गेला. प्लग चांगले असून गरम होत नसतील तर पट्टीवर १२ व्होल्ट येतात का बघा, आणि त्याआधी बॅटरीची अर्थ वायर चेसिसला जिथे बसते तिथला रंग-गंज खरवडून काढा. जुन्या ट्रॅक्टरच्या इलेक्ट्रिकच्या तक्रारी त्या एका बोल्टखाली फार निघतात.

नोझल काढताना एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघायची. नोझलच्या खाली तांब्याचं वायसर असतं, काही इंजिनांत त्याच्या खाली अजून एक हीट वायसर असतं. नोझल निघतं पण वायसर हेडच्या भोकात चिकटून राहतं, काजळीमुळे ते हेडचाच भाग वाटतं. टॉर्च मारून, वाकवलेल्या तारेने कड चाचपून बघा. ते आत राहिलं आणि वर नवीन बसवलं तर नोझल एक वायसर उंच बसतं, फवारा जिथे पडायला पाहिजे तिथे पडत नाही, वर गॅस लीक होतो आणि तुम्ही महिनाभर नोझल बदलत बसता. वायसर दरवेळी नवीन टाका, जुनं परत वापरायचं नाही.

नोझलचं प्रेशर आणि फवारा पंपाच्या दुकानात टेस्टरवर बघून घ्या, या इंजिनांत उघडण्याचं प्रेशर साधारण १२० ते १५० बारच्या आसपास असतं. फवारा बारीक धुक्यासारखा हवा, थेंब गळायला नको. घरी नोझल बाहेर काढून सेल मारून फवारा बघायचे व्हिडिओ दिसतात, ते करू नका. तो फवारा कातडीतून आत जातो, बाहेर सुई टोचल्याएवढी खूण दिसते, सुरुवातीला दुखत पण नाही, आणि काही तासांत हात कापायची वेळ येऊ शकते. असं झालंच तर तडक हॉस्पिटल, आणि डॉक्टरला "डिझेल प्रेशरने आत गेलंय" हे स्पष्ट सांगा.

फ्युएल पंप स्वतः खोलायचा नाही. तो कॅलिब्रेशनवाल्याकडेच द्या. पंप ब्लॉकवरून काढताना खाली पातळ शिम असतात, त्या जितक्या निघाल्या तितक्याच परत टाका कारण इंजेक्शनचं टायमिंग त्यांच्यावर आहे. काही इंजिनांत पंपाची रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) गव्हर्नरच्या (इंजिनाचा वेग आवरणाऱ्या भागाच्या) लिव्हरमध्ये अडकवलेली असते, ती सोडवताना आणि बसवताना बरोबर अडकली का हे बघा. चुकली तर इंजिन चालू होताच रेस धरतं, म्हणजे आपोआप वेग वाढवत सुटतं, आणि किल्लीने बंद होत नाही.

कंप्रेशन, म्हणजे खोलायचं की नाही

इतकं सगळं करूनही इंजिन थंडीत उठत नसेल, ताकद नसेल, तर कंप्रेशन मोजा. पेट्रोल गाडीचं गेज इथे चालत नाही, डिझेलचं गेज आणि तुमच्या ग्लो प्लगच्या आट्याचा अडॅप्टर लागतो. इंजिन गरम करून घ्या, सगळे ग्लो प्लग काढा, एअर फिल्टर काढा, स्टॉप लिव्हर ओढून धरा म्हणजे डिझेल येणार नाही, बॅटरी फुल पाहिजे. प्रत्येक सिलेंडरवर आकडा स्थिर होईपर्यंत सेल मारा.

चांगलं छोटं डिझेल इंजिन साधारण २८ ते ३५ बार दाखवतं. २३-२४ च्या खाली गेलं की थंडीत त्रास सुरू होतो. पण एकट्या आकड्यापेक्षा सिलेंडरांमधला फरक जास्त बोलतो. तिन्ही सारखेच थोडे कमी असतील तर ते म्हातारपण आहे, अजून काही वर्षं चालेल. दोन चांगले आणि एक १० टक्क्यांपेक्षा जास्त खाली असेल तर तिथे काहीतरी बिघडलंय.

कमी आलेल्या सिलेंडरमध्ये थोडं ऑइल सोडून परत मोजतात, वाढलं तर रिंगा-बोअर, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. यात नवशिके एक गोष्ट विसरतात. समजा सिलेंडर ३७० सीसीचा आहे आणि कंप्रेशन रेशो २२, तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा फक्त १७-१८ सीसी असते. त्यात दोन-तीन चमचे ऑइल ओतलं तर जागाच उरत नाही, ऑइल दबत नाही, आणि रॉड वाकतो. अर्धा चमचा पुरे, आणि पहिले काही फेरे हाताने फिरवा.

त्याआधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या वरची फट, बघितलेत ना? व्हॉल्व्हला क्लिअरन्सच नसेल तर तो नीट बसत नाही आणि कंप्रेशन कमी दाखवतं. बऱ्याच छोट्या इंजिनांत थंड असताना ०.१५ ते ०.२५ मिमीच्या दरम्यान कुठेतरी आकडा असतो. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि अर्धा तास, बस्स. इथे काम झालं तर हेड काढायची गरज पडत नाही.

हेड

बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा, पाणी काढा, मॅनिफोल्ड, पाईप सगळं सोडवा. डिझेलच्या प्रत्येक उघड्या तोंडाला लगेच टोपी किंवा स्वच्छ प्लास्टिक लावा, फडकं कोंबू नका, त्याचा धागा पंपात जातो. पुशरॉड काढाल तसे पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने खोचून ठेवा. हेडचे बोल्ट बाहेरून मध्याकडे, थोडे थोडे करत ढिले करायचे. घट्ट करताना उलटं, मधून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने.

हेड निघालं की ते साफ करून सरळ पट्टी उभी, आडवी आणि दोन्ही कर्णांवर ठेवून फिलर गेज सरकवून बघा. १०० मिमी लांबीत ०.०५ मिमीच्या आसपास बाक असेल तर बहुतेक कंपन्या तिथेच लिमिट धरतात. दोन व्हॉल्व्हच्या मधल्या पट्टीत चीर आहे का, हे चीर दाखवणारा रंग (डाय) टाकून तपासून घ्या. हेड प्लेन करायला दिलं तर व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात हे लक्षात ठेवा, किती घासायचं याला मर्यादा असते आणि काही इंजिनांना जाड गॅस्केट मिळतं. शंका असेल तर बसवताना पिस्टनवर मऊ सोल्डरची तार ग्रीसने चिकटवून, हेड टॉर्कला आवळून, हाताने क्रँक एक फेरा फिरवून परत खोलून तारेची जाडी मोजतात. कंटाळवाणं काम आहे पण पिस्टन आपटण्यापेक्षा बरं. यासाठी जुनं गॅस्केट वापरा, नवीन गॅस्केट एकदाच आवळायचं असतं.

व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावून लॅप करता (सीटवर घासून बसवता) येतात, पण सीट खोल गेली असेल किंवा गाईडमध्ये व्हॉल्व्ह हलत असेल तर ते मशीन शॉपचं काम.

खालचं इंजिन

बोअरच्या वरच्या टोकाला कड तयार झालेली असते, कार्बनची आणि झिजेची. ती काढल्याशिवाय पिस्टन वर ठोकू नका, रिंगेच्या खाचा तुटतात. प्रत्येक रॉड आणि त्याची कॅप यांच्यावर नंबर आहेत का बघा, नसतील तर पंचने ठिपके मारा, आणि कुठल्या बाजूला होते तेही लिहा. एकाची कॅप दुसऱ्याला कधीच चालत नाही.

आता मोजायचं. बोअर वरती, मध्ये आणि खाली, दोन दिशांनी. झीज जास्त वरतीच असते, जिथे वरची रिंग थांबते. बऱ्याच छोट्या इंजिनांत ०.१५ मिमी झीज ही लिमिट धरतात. बोअर गेज नसेल तर जुनी रिंगच गेज म्हणून वापरता येते: रिंग बोअरमध्ये घाला, उलट्या पिस्टनने ढकलून सरळ करा, गॅप फिलर गेजने मोजा, मग तीच रिंग खाली न झिजलेल्या भागात ढकलून परत मोजा. दोन्ही गॅपमधला फरक भागिले ३.१४, म्हणजे व्यासातला फरक. फरक ०.४७ आला तर बोअर ०.१५ मिमी झिजलंय. हे आकडे हातात आले की मगच ठरवा: निव्वळ रिंगा, की ओव्हरसाईज पिस्टन, की नवीन लायनर (बोअरची बदलता येणारी नळी). लंबगोल झालेल्या बोअरमध्ये नुसत्या रिंगा टाकल्या तर महिन्यात पैसे पाण्यात.

रिंगा टाकायच्या असतील तर बोअरला होन (आतून घासायचं दगडी हत्यार) मारून ४५ अंशाच्या आसपास जाळीदार रेघा आणा. मग बोअर धुवा, आणि धुणं म्हणजे गरम पाणी, साबण आणि ब्रश. डिझेलने किंवा केरोसीनने पुसलं तर होनची पूड रेघांत रुतून बसते. पांढरं फडकं फिरवून ते पांढरंच निघेपर्यंत धुवायचं, लगेच सुकवून ऑइल लावायचं, नाहीतर बघता बघता गंज चढतो. नव्या रिंगांचे गॅप पण बोअरमध्ये टाकून मोजा, खूण असलेली बाजू वर ठेवा, गॅप एकमेकांपासून १२० अंशांवर फिरवा.

क्रँकवर नख फिरवा. नख अडकलं तर ग्राइंडिंगला गेलीच. नाही अडकलं तरी मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजा. ग्राइंड केली तर बेरिंग ०.२५ किंवा ०.५० मिमी अंडरसाईज लागतात, म्हणून ग्राइंडिंग होऊन माप हातात येईपर्यंत बेरिंग मागवायच्या नाहीत. बसवताना प्लास्टिगेजची दोरी (मऊ प्लास्टिकची, दाबून किती चपटी झाली त्यावरून फट कळते) ठेवून क्लिअरन्स तपासा. ही दोरी बेरिंगमध्ये असताना क्रँक अजिबात फिरवू नका. क्रँकमधली ऑइलची भोकं ब्रश घालून साफ करा, ग्राइंडिंगचा चुरा तिथेच लपतो.

बांधताना प्रत्येक कॅप आवळली की क्रँक हाताने फिरवून बघा. तिसरी आवळल्यावर जड झाली तर दोष तिसरीत आहे हे लगेच कळतं, सगळं आवळून झाल्यावर कळत नाही. टायमिंग गिअरवरच्या खुणा जुळवा, फोटो काढा, मग झाकण लावा.

ट्रॅक्टर मधून तोडायचा तर

क्लचसाठी ट्रॅक्टर दोन तुकड्यांत करावा लागतो. बघायला भयंकर, पण नीट आधार दिला तर नाही. पहिलं काम, पुढच्या एक्सलवर दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोका. पुढचा एक्सल मध्ये एकाच पिनवर झुलतो, मागचा अर्धा भाग सुटला की इंजिन आडवं पडू शकतं. मागच्या हाऊसिंगखाली घोडी (लोखंडी स्टँड), पुढे इंजिनाखाली चाकांचा जॅक, मागच्या टायरांना अटकाव. नुसत्या हायड्रोलिक जॅकवर ठेवून खाली जायचं नाही. टायरमध्ये वजनासाठी पाणी किंवा कॅल्शियम क्लोराईड भरलेलं असेल तर चाक अंदाजापेक्षा खूप जड निघतं हेही बघून ठेवा.

क्लचची धूळ हवेने उडवू नका, जुन्या प्लेटांत अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. एवढा तोडलाच आहे तर क्लच प्लेट, रिलीज बेरिंग, पायलट बेरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील सगळं एकदम बदला. प्रेशर प्लेटच्या फिंगरची उंची सगळीकडे सारखी करा. जोडताना बोल्टांची डोकी कापून दोन लांब गाईड स्टड बनवा, ते लावून दोन्ही भाग सरकवा. शेवटचं बोटभर अंतर राहिलं आणि जात नाही, तर बोल्ट आवळून ओढू नका. स्प्लाइन (शाफ्टचे दाते) जुळलेले नाहीत, फ्लायव्हील थोडं फिरवा, ते आपोआप आत जातं. बोल्टाने ओढलं की क्लच प्लेटचा हब फाटतो.

हायड्रोलिक, ब्रेक आणि बाकीचं

लिफ्ट वजन उचलते पण इंजिन बंद करताच झरझर खाली येते, तर पिस्टनची ओ-रिंग किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह. उचलतच नाही किंवा किंचाळत उचलते, तर आधी सक्शनची जाळी, मग तेलाची लेव्हल, मग रिलीफ व्हॉल्व्ह, पंप सगळ्यात शेवटी. तेल दुधाळ असेल तर एकदा बदलून भागत नाही, बदला, चालवा, परत बदला, आणि पाणी कुठून शिरलं तेही शोधा. बहुतेक वेळा गिअर लिव्हरचं फाटलेलं रबर असतं. लिफ्टच्या कव्हरखाली हात घालायच्या आधी अवजार जमिनीवर टेकवलेलं पाहिजे, वर उचललेल्या अवजाराखाली कधीच जायचं नाही.

ड्राय ब्रेकच्या ड्रममध्ये तेल दिसलं तर लायनिंग बदलून उपयोग नाही, आधी एक्सलचं सील. रस्त्यावर चालवताना दोन्ही पेडल खटक्याने जोडलेली पाहिजेत. स्टिअरिंगचा प्ले टाय रॉडच्या टोकांत आणि किंग पिनच्या बुशमध्ये शोधा. पीटीओ शाफ्टवरचं कव्हर नसेल तर बसवून घ्या. आणि रोल बार (ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी लोखंडी कमान) नसेल तर तोही, घरी वेल्डिंग केलेला नाही, टेस्ट झालेला, सीट बेल्टसकट. स्वीडनने नव्या ट्रॅक्टरांना तो १९५९ सालीच सक्तीचा केला, कारण ट्रॅक्टर उलटला की उडी मारायला वेळ मिळत नाही. जपानमधून आलेल्या जुन्या ट्रॅक्टरांवर बऱ्याचदा तो नसतोच.

पाण्याबद्दल एक. यानमारच्या काही जुन्या छोट्या मॉडेलांना वॉटर पंपच नसतो, गरम पाणी वर चढतं आणि थंड खाली येतं त्यावरच चालतं. अशा इंजिनात रेडिएटर अर्धवट चोंदलेला असला तरी तापतो आणि लोक पंप शोधत बसतात.

पहिला स्टार्ट आणि पहिले ५० तास

ऑइल भरा, फिल्टरमध्येही आधी ओतून घ्या. स्टॉप लिव्हर ओढून धरून थोडा थोडा सेल मारा, ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत किंवा गेज हलेपर्यंत. मगच डिझेल सोडा. एअर फिल्टरचा पाईप काढून ठेवा आणि हाताशी तोंडावर बसेल अशी जाड सपाट फळी ठेवा, रेस धरलीच तर ती हवेच्या तोंडावर दाबायची. तळहात किंवा फडकं नाही, दोन्ही आत ओढली जातात. कॉक बंद करून लगेच फरक पडत नाही, पाईपातल्या डिझेलवर ते बराच वेळ पळतं.

चालू झालं की लोक कौतुकाने तासभर आयडलवर ठेवून बघत बसतात, नेमकं तेच करायचं नाही. नव्या रिंगा बोअरला बसायला दाब लागतो आणि दाब लोडवर येतो. गळती बघा, ऑइल प्रेशर बघा, गरम होऊ द्या, आणि मग हलकं-मध्यम काम, रेस कमी-जास्त करत. पहिले काही तास पूर्ण ताकदीचं काम नको आणि नुसतं आयडलही नको. काम संपल्यावर तीन-चार मिनिटं हळू चालवून मग बंद करा.

थंड झाल्यावर टॅपेट परत तपासा. हेडचे बोल्ट परत आवळायचे की नाही हे गॅस्केटवर अवलंबून आहे, काहींना लागतं, काहींना अजिबात चालत नाही, मॅन्युअल बघा. क्लच पेडलचा फ्री प्ले, फॅन बेल्ट, चाकांचे नट हे पहिल्या दोन-तीन दिवसांत पुन्हा बघायचे, चाकांचे नट तर नक्की.

ऑइल डिझेल ग्रेडचं घ्या, १५डब्ल्यू-४० बहुतेक ठिकाणी चालतं, आणि पहिलं ५० तासांच्या आतच बदला. जुना फिल्टर फेकू नका. त्याचा पत्रा कापून कागद पसरवा आणि उन्हात तिरपा धरून बघा. बारीक करड्या चमकीची धूळ रिंगा बसताना येते, ती चालते. तांबूस किंवा चांदीसारखे पापुद्रे दिसले, नखाने उचलता येतील एवढे, तर बेरिंग सोलतेय. मग ट्रॅक्टर तिथेच उभा करून ऑइल चेंबर खोला, खालून रॉडच्या कॅप काढून बेरिंग बघता येतात, हेड काढावं लागत नाही.